फिरंगोजी : एका नावाचा शोध



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे कामगार चळवळीवर भाषण मागितले होते. तो विषय आमच्या रोजच्या भाकरीचा. त्यावर बोलावयाचे तर आम्हांला टिपण लागत नाही. परंतु गेली काही वर्षे एक निराळाच प्रश्न आमच्या मागे लागला आहे, आणि तो एकदा चारचौघांपुढे मांडून मोकळे व्हावे असे वाटते. प्रश्न एका नावाचा आहे. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. दहावी झाली, आय.टी.आय. झाले, आणि पुढचे शिक्षण पिंपरीच्या कारखान्यात लेथवर आणि सुटीच्या दिवशी वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा जे सांगू ते पंडितांच्या पुस्तकांतून वेचलेले आहे. त्याची जुळणी मात्र आमची आहे.

२०१७ सालच्या उन्हाळ्यात चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका परदेशी मालकीच्या कारखान्यात वेतनकराराची बोलणी फिसकटली होती. गेटसभा भरली. ऊन रणरणत होते, माणसे चिडलेली होती, आणि अशा वेळी वक्त्याच्या तोंडून जे निघावयाचे ते आमच्याही तोंडून निघाले. "या फिरंग्यांना आमच्या मातीतून चालते करू," असे आम्ही गरजलो. टाळ्या पडल्या. सभा पांगल्यावर चाकणचेच एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. त्यांचा मुलगा त्या कारखान्यात कायम कामगार होता. डोक्याला टोपी, गळ्यात माळ. म्हणाले, "भाऊ, भाषण चांगलं झालं. पर एक इचारू का? फिरंगी ही शिवी हाय का?"

आम्ही म्हटले, "शिवी नाही बाबा, परका माणूस."

"मंग आमचा किल्ला ज्यानं लढवला त्याचं नाव काय व्हतं?"

आम्ही गप्प झालो. चाकणच्या संग्रामदुर्गाचा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. हे नाव आम्ही शाळेत वाचले होते, पोवाड्यांत ऐकले होते, आणि त्याच्या गावात उभे राहून 'फिरंगी' म्हणून आरोळी ठोकताना ते आम्हांला आठवलेही नव्हते.

तो वेढा आज किल्ल्याच्या पडक्या तटावरून कल्पनेत आणणे कठीण आहे. चाकणचा किल्ला भुईकोट. त्याला डोंगराचा आधार नाही. भिंत, बुरूज आणि खंदक एवढेच त्याचे बळ. इ. स. १६६० च्या मे महिन्यात औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान पुण्यास येऊन बसला. त्याला उत्तरेकडे अहमदनगरशी वाट मोकळी हवी होती, आणि त्या वाटेवर चाकण होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने किल्ल्याला वेढा घातला. त्याच वेळी शिवाजीमहाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. जुलैच्या मध्यास ते निसटले तो पावनखिंडीचा प्रसंग आपणां सर्वांस पाठ आहे. म्हणजे फिरंगोजीला बाहेरून कुमक येण्याची आशा जवळजवळ नव्हती. पाऊस कोसळत होता, खंदक भरलेला, आणि आत मूठभर शिबंदी. तरीही पन्नासांहून अधिक दिवस किल्ला हटला नाही. शेवटी मोगलांनी आपल्या मोर्च्यापासून जमिनीखालून सुरुंग खणीत नेला आणि १४ ऑगस्टला एक बुरूज उडविला. उडालेल्या बुरुजाच्या ढिगाऱ्याआडही मराठे लढले. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. मोगल दरबारच्या इतिहासात त्यांच्या बाजूचे २६८ ठार आणि ६०० जखमी नोंदलेले आहेत. एका भुईकोटासाठी एवढी किंमत द्यावी लागल्यावर खानाने पुढे डोंगरी किल्ल्यांना हात घालण्याची घाई केली नाही. फिरंगोजीचा पराक्रम पाहून खानाने त्याला बादशाही चाकरी देऊ केली. त्याने ती नाकारली आणि तो महाराजांकडे परतला. महाराजांनी किल्ला गमावल्याचा दोष त्याला दिला नाही.

आता नावाकडे वळू. मराठा सरदाराच्या मुलाचे नाव फिरंगोजी कसे पडले? आमच्या जुन्या माणसांच्या नामकरणाची रीत फार मोकळी होती. मालोजीराजे भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेविली, ही परंपरा प्रसिद्ध आहे. हैबतराव, सुलतानजी, रुस्तुमराव ही नावे मराठी घराण्यांत सर्रास होती. फारसी शब्द घ्यावयाचा, पुढे 'जी' किंवा 'राव' जोडावयाचे, आणि बारसे करून मोकळे व्हावयाचे. त्याने धर्म बाटत नसे की कुळ बुडत नसे.

परंतु 'फिरंग' हा शब्द मराठीत माणसाचाच नव्हता, तो तलवारीचाही होता. आमची जुनी तलवार वाकडी. युरोपातून जी सरळ, लांब, लवचिक पाती जहाजांतून येत, त्यांना इथल्या कारागिराने आपल्या पद्धतीची मूठ बसविली की तिला फिरंग म्हणत. मराठ्यांना हे हत्यार फार आवडे. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५ मध्ये ब्रिटिश युवराजाकडे गेलेल्या 'जगदंबा' तलवारीचे पातेही युरोपीय घडणीचे आहे. खांड्यावरून जर खंडोजी होतो, तर फिरंगेवरून फिरंगोजी का होऊ नये? शिवाय पुणे जिल्ह्यातच दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे फिरंगाई देवीचे स्थान आहे. देवीच्या नावावरून मुलाचे नाव ठेवणे ही तर घरोघरची चाल. आमचे मत तलवारीच्या आणि देवीच्या बाजूने झुकते. कोणा टोपीवाल्याच्या स्मरणार्थ त्या बापाने मुलाचे नाव ठेविले असेल असे आम्हांला वाटत नाही. तथापि तलवार धरा की देवी धरा, मुळाशी शब्द एकच उरतो, आणि त्या शब्दाची वाट चाकणहून थेट ऱ्हाइन नदीच्या काठी जाते.

मराठीत फिरंगी आला फारसीतल्या 'फरंग'वरून. फारसीत तो आला अरबीतल्या 'इफ्रंज' किंवा 'फरंज' या शब्दावरून. आणि अरबांनी तो घेतला फ्रँक नावाच्या जर्मन वंशाच्या लोकांवरून. फ्रँक हे एक कुळ नव्हते. तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्याच्या सरहद्दीवर, ऱ्हाइनच्या खालच्या खोऱ्यात, लहानमोठ्या अनेक टोळ्या एकत्र झाल्या आणि त्यांनी हे नाव धारण केले. आजच्या भाषेत तो एक महासंघ होता. नावाचा अर्थ काय? पुष्कळ विद्वानांच्या मते फेकावयाच्या भाल्याला जो जुना जर्मानिक शब्द होता, त्यावरून हे नाव पडले. शेजारचे सॅक्सन लोकही आपल्या सुरीच्या नावाने ओळखले जात. श्रोतेहो, येथे आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. हत्यारावरून माणसांचे नाव पडले, ते नाव हजार वर्षे जमिनीवरून आणि समुद्रावरून फिरले, आणि मराठीत येऊन पुन्हा हत्याराचेच झाले.

फ्रँकांचा राजा क्लोव्हिस याने पाचव्या शतकाच्या अखेरीस गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकला. तेथे आधीपासून रोमन प्रजा राहत होती. शेती तिची, शहरे तिची, कारागिरी तिची. आता एका मुलखात दोन प्रकारची माणसे झाली. क्लोव्हिसच्या काळी लिहिल्या गेलेल्या सालिक कायद्यात हे अगदी रोख रकमेत मांडलेले आहे. स्वतंत्र फ्रँक माणसाचा खून झाला तर खुन्याने २०० सोन्याची नाणी भरावयाची. रोमन जमीनदाराचा खून झाला तर १००. कर भरणाऱ्या साध्या रोमनाचा झाला तर साठांच्या आसपास. जीव एकच, पण भाव तीन. एकाच यंत्रावर, एकाच पाळीत, खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या कायम, कंत्राटी आणि शिकाऊ अशा तीन माणसांच्या हातांत महिनाअखेर पडणाऱ्या पगाराच्या तीन चिठ्ठ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा सहाव्या शतकातला कायदा समजण्यास टीकाकार लागणार नाही.

कराचीही तीच गोष्ट. फ्रँक स्वतःला करमुक्त समजत. पार्थेनियस नावाच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर कर बसविला, तेव्हा त्याचा पाठीराखा राजा मरताच, इ. स. ५४८ च्या सुमारास, ट्रीर शहरात जमाव त्याच्यावर चालून गेला. बिचारा चर्चमध्ये एका पेटीत दडून बसला होता. ग्रेगरी नावाच्या बिशपने लिहिले आहे की लोकांनी त्याला पेटीतून ओढून काढले आणि दगडांनी ठार मारले. आम्ही आयुष्यभर घेराव घातले, पण त्यांत पेटी उघडण्याची पाळी आली नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

अशा रीतीने फ्रँक या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला : मुक्त, ज्यावर बोजा नाही, ज्याला पूर्ण हक्क आहेत असा. इंग्रजीत मोकळेपणाने बोलणाऱ्याला फ्रँक म्हणतात तो याच वाटेने. पूर्वी अधिकाऱ्यांची पत्रे टपालातून फुकट जात, त्या सवलतीला फ्रँकिंग म्हणत. आज आपण घराच्या कागदपत्रांवर मुद्रांक शुल्क भरून 'फ्रँकिंग' करून घेतो, म्हणजे फुकटपणाच्या शब्दासाठी पैसे मोजतो! मताधिकाराला इंग्रजीत फ्रँचाईज म्हणतात आणि दुकानाच्या परवान्याला फ्रँचाईजी, तेही याच घराण्यातले. मुळात हा शब्द 'आपल्यातला, पुऱ्या हक्काचा' अशा अर्थाचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढे त्याचे नेमके उलटे झाले.

हा पालट पूर्वेकडे झाला. शार्लमेन हा फ्रँकांचा सर्वांत मोठा राजा. इ. स. ८०० च्या नाताळात रोममध्ये त्याला सम्राटपदाचा मुकुट चढला. बगदादच्या हारून अल् रशीदने त्याला हत्ती भेट पाठविला होता. अबुल अब्बास नावाचा तो हत्ती ८०२ मध्ये आखेनला पोहोचला. त्या काळी अरबांच्या लेखी फ्रँक म्हणजे पश्चिमेकडील एक बलिष्ठ राज्य. १०९६ मध्ये पहिले धर्मयुद्ध निघाले आणि १०९९ मध्ये युरोपीय फौजांनी जेरुसलेम घेतले. त्या फौजांत नॉर्मन होते, इटालियन होते, जर्मन होते. पण अरबांनी सगळ्यांना एकच नाव दिले, फरंज. सीरियातील उसामा इब्न मुन्किध या सरदाराने आपल्या आठवणींत या फ्रँकांची खूप टवाळी केली आहे. त्यातच त्याचे एक निरीक्षण आहे : जे फ्रँक नुकतेच आले आहेत ते फार रांगडे, आणि जे आमच्यात राहून जुने झाले ते त्यांच्याहून बरे. आमच्या भोसरीच्या खोल्यांचे मालकही नव्या आणि जुन्या भाडेकरूंविषयी हेच बोलतात.

पूर्वेकडे तो शब्द मग सैरावैरा पसरला. थायलंडात गोरा माणूस म्हणजे फरांग, इथिओपियात फरंजी, तमिळमध्ये परंगी. चेन्नईच्या सेंट थॉमस टेकडीला परंगीमलै म्हणतात. बंगालमध्ये पोर्तुगीज वंशाचा एक माणूस बंगाली कवनांचा नामांकित गायक झाला, त्याला लोक अँटनी फिरंगीच म्हणत. आपल्याकडे १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये गोवा गेले, आणि फिरंगी हा शब्द पोर्तुगिजांना कायमचा बसला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांची गणना आहे, तीत फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार अशी नावे येतात. फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, फरासीस म्हणजे फ्रेंच. अमात्यांनी दोन वेगळे लोक म्हणून ज्यांची नोंद केली, ते दोन्ही शब्द एकाच फ्रँकाची नातवंडे आहेत. एक अरबस्तानातून जमिनीने आला, दुसरा जहाजातून आला, आणि दोघांनी एकमेकांस ओळखले नाही.

परक्याच्या नावाला लोक काय काय चिकटवितात याचा एक मासला सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यक ग्रंथात उपदंशासारख्या रोगाला 'फिरंगरोग' म्हटले आहे, कारण तो फिरंग्यांबरोबर आला. बरोबरच आहे. परंतु त्याच रोगाला इटलीचे लोक फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणत आणि रशियन त्याला पोलंडचा रोग म्हणत. ज्याच्या त्याच्या गावात रोग शेजारच्या गावाहूनच आला होता. आमच्या वसाहतीत चोरी झाली की संशय आधी कोणत्या खोलीकडे जातो, ते सांगत बसत नाही.

आता व्यक्तिनाम म्हणून या शब्दाचे काय झाले ते पाहू. मध्ययुगात फ्रँक किंवा फ्रँको हे नाव माणसांना ठेवीत. नवव्या शतकात लिएझचा एक बिशप फ्रँको होता. तेराव्या शतकात कोलोनच्या फ्रँकोने संगीताच्या स्वरांची कालमापने लिहून ठेवण्याची पद्धत बसविली. परंतु नाव जगभर गेले ते एका कापड व्यापाऱ्याच्या घरातून. इटलीतील असिसी गावी ११८१ च्या सुमारास पिएत्रो बर्नार्दोने या व्यापाऱ्याला मुलगा झाला. बाप्तिस्म्याचे नाव जोव्हान्नी. बापाचा माल फ्रान्सात जाई-येई, तो देश त्याच्या आवडीचा, म्हणून त्याने मुलाला 'फ्रान्चेस्को' म्हणावयास सुरुवात केली. म्हणजे 'फ्रेंचुडा' म्हणा ना! मुलाने बापाचे कापड विकून पडक्या देवळाला पैसे दिले, बापाने त्याला बिशपपुढे खेचले, तेव्हा मुलाने अंगावरचे कपडेही उतरवून बापाच्या हवाली केले आणि भिकाऱ्यांत जाऊन राहिला. तोच संत फ्रान्सिस. १२२६ मध्ये तो वारला, दोन वर्षांत त्याला संतपद मिळाले, आणि एका व्यापाऱ्याने लाडाने ठेवलेले टोपणनाव राजांनी, फकिरांनी आणि दर्यावर्दींनी उचलले. हिंदुस्थानातील पोर्तुगीज सत्तेचा पहिला व्हाइसरॉय १५०५ चा फ्रान्सिस्को द आल्मेदा. १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरलेला पाद्री फ्रान्सिस झेवियर. मोगल दरबारात राहून प्रवासवृत्त लिहिणारा वैद्य फ्रान्स्वा बर्निये. पाँडिचेरीचा फ्रेंच वखारवाला फ्रान्स्वा मार्तँ, ज्याच्या रोजनिशीत शिवाजीमहाराजांच्या कर्नाटक स्वारीच्या बातम्या सापडतात. पोप मात्र या नावाचा थेट २०१३ साली झाला. २०२५ मध्ये तो निवर्तला.

याच नावाचा एक धारक आपल्या भाषेत होऊन गेला. वसईजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून जिंकला. पण तिथले ख्रिस्ती कुणबी-कोळी मराठी बोलत होते ते बोलतच राहिले. दिब्रिटोंनी मराठीत लिहिले, 'सुवार्ता' मासिक चालविले, 'सुबोध बायबल' रचले, आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी बिल्डरांविरुद्ध व गुंडांविरुद्ध रस्त्यावर उतरून लढले. २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड जाहीर होताच काहींनी हरकत घेतली की हा माणूस आपला कसा? नाव पाहून घेतलेली हरकत होती. पुस्तके वाचून घेतलेली नव्हती. प्रकृती ठीक नसतानाही ते उस्मानाबादला गेले. २०२४ च्या जुलैत त्यांचे निधन झाले. फिरंगोजी आणि फ्रान्सिस, एकाने मराठी किल्ला लढविला, दुसऱ्याने मराठी पानावर आणि मराठी शेतावर पहारा दिला. आणि दोघांच्याही नावाचे मूळ ऱ्हाइनच्या काठचे.

आमच्या पट्ट्यात तर हे नाव पावलोपावली आहे. पिंपरीत १९६० पासून ज्या केएसबी कंपनीचे पंप बनतात, तिचा जन्म १८७१ मध्ये जर्मनीतील फ्रँकेन्थाल गावी झाला. फ्रँकेन्थाल म्हणजे फ्रँकांचे खोरे. चाकणच्या साहेबांची विमाने जिथे उतरतात ते फ्रँकफर्ट म्हणजे फ्रँकांचा नदीउतार. सतराव्या शतकात झोलिंगेनसारख्या जर्मन गावांतील पोलादी पाती व्यापाऱ्यांच्या हातांतून दक्षिणेत येत आणि इथला कारागीर त्यांना मूठ बसवी. आज जर्मन आराखड्याचे सुटे भाग येतात आणि इथली मुले त्यांची जोडणी करतात. मुठीची कारागिरी तेव्हाही इथलीच होती. त्या मुठी घडविणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आम्हांला पुस्तकांत आढळले नाही.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही त्या वृद्ध गृहस्थांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हंजी भाऊ, त्यांच्या गावात त्यो घरचा, आन् आपल्या गावात परका. मंग तुमच्या युनियनमदी ती बिहारची आन् नांदेडची पोरं का न्हाईत?"

त्या कारखान्यात निम्म्याहून अधिक हात कंत्राटी होते. नांदेड, यवतमाळ, बिहार, ओडिशा, कुठून कुठून आलेली मुले. एका खोलीत आठ-आठ राहत. आमच्या युनियनच्या घटनेत सभासदत्व फक्त कायम कामगाराला होते, आणि हे कलम मालकाने लिहिलेले नव्हते, आम्हीच लिहिले होते. शिवाय आमच्या कचेरीतल्या वहीत संपाच्या दिवसांतील हजेरी मांडताना दोन रकाने होते : एक 'आपले' आणि एक 'बाहेरचे'. अक्षर आमचेच. २०१७ चा तो लढा आम्ही हरलो त्याची कारणे पुष्कळ आहेत, पण ज्या दिवशी 'बाहेरचे' गेटमधून आत गेले त्या दिवशी तो हरला, आणि त्यांना बाहेर ठेविले होते ते आम्ही. सालिक कायद्यातले २०० आणि १०० वाचताना आमचा जो संताप झाला होता, त्यातला थोडा त्या वहीच्या वाट्यास आला.

२०१८ च्या वार्षिक सभेत आम्ही ते कलम बदलण्याचा ठराव मांडला. तो थोड्या मतांनी पडला. आमच्या मांडीला मांडी लावून वीस वर्षे बसलेल्या सहकाऱ्यांनी विरुद्ध हात वर केले. "आपल्या पोरांच्या जागा त्यांना द्यायच्या का?" असा त्यांचा सवाल होता, आणि ज्याच्या घरात दोन बेकार मुले बसली आहेत त्याचा हा सवाल खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. २०१९ मध्ये ठराव पुन्हा मांडला. या खेपेस फिरंगोजीची गोष्ट काढली नाही. दोन पगारचिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि एकाच यंत्राचा क्रमांक दोन्हींवर दाखविला. ठराव संमत झाला.

पहिल्या रविवारी पावत्या फाडावयास बसलो तेव्हा नावे मराठीत लिहिताना आमची तारांबळ उडाली. ओडिशाच्या मुलांची आडनावे आम्हांला कळेनात आणि आमचे उच्चार त्यांना कळेनात. शेवटी एक तरुण कायम कामगार पुढे आला, त्याने प्रत्येकाला दोनदा विचारून यादी सुवाच्य अक्षरात उतरून काढली. तो त्या वृद्ध गृहस्थांचा मुलगा होता. दोन्ही वर्षी त्याने ठरावाच्या विरुद्ध मत दिले होते.